‘हे पीत नाहीत हो’: फिटची गोळी आणि मध्येच आलेली दुसरी गोळी

आलेलं पत्र थोडं कमी करून देतेय:

“ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझे मिस्टर ३९ वर्षांचे, यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी आहेत. त्यांना लग्नाच्या आधीपासून फिटचा त्रास आहे. १४ वर्षं झाली, रात्री एप्टॉइन १०० च्या तीन गोळ्या घेतात. गेल्या ६ वर्षांत एकही फिट नाही. मे महिन्यात घामाने जांघेत नायटा झाला, डॉक्टरांनी मलम दिलं आणि फ्लुकोनाझोल १५० ची गोळी आठवड्यातून एक अशी दिली. खाज काही थांबेना, मग ह्यांनी मेडिकलमधून तीच गोळी आणली आणि रोज एक घ्यायला लागले. पंधरा-अठरा दिवसांत चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलताना जीभ जड, एकाचे दोन दिसतात, दोनदा उलटी झाली. ह्यांच्या गळ्यात माळ आहे ताई, तरी सासूबाई म्हणतात लपून पितो, कारखान्यात मालकांनीसुद्धा बाजूला घेऊन विचारलं. भाऊजी म्हणतात, इतकी वर्षं त्या फिटच्या गोळ्या खाऊन डोकं खराब झालं, आधी त्या बंद करा. बंद करू का? आणि अजून एक. माझी नणंद पण फिटवर टेग्रेटॉल २०० सकाळ-संध्याकाळ घेते. लग्नाला वर्ष झालं, पाच महिन्यांपासून माला-डी चालू आहे, मध्येच डाग पडतात. त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल का?”

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला घाईघाईत चार ओळी पाठवल्या होत्या. आजच्या आज डॉक्टरांकडे न्या, गाडी चालवू देऊ नका, फ्लुकोनाझोल थांबवा, एप्टॉइन मात्र घरातल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, आजचा डोस द्यायचा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि रक्तातली फेनिटॉइनची, म्हणजे एप्टॉइनमधल्या औषधाची, लेव्हल करायला सांगा. तुम्ही त्याच संध्याकाळी कोल्हापूरला घेऊन गेलात, हे फार चांगलं केलंत. चार दिवसांनी तुमचा मेसेज आला की लेव्हल ३४ निघाली, डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं, दोन दिवस एप्टॉइनचे डोस स्वतः थांबवले, मग परत चालू केले, आणि आता हे भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत चालत जातात. तो मेसेज मी तीन वेळा वाचला.

आता सविस्तर लिहिते, कारण तुमचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत, आणि अशी पत्रं मला नायट्यापायी येतात, टीबीपायी येतात, साध्या खोकल्यापायीसुद्धा येतात. एक सांगून ठेवते, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, डोस ठरवणं माझं काम नाही. पण दोन गोळ्या पोटात गेल्यावर एकमेकींचं काय करतात, हे बघण्यातच माझं आयुष्य गेलंय.

एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन. १९३८ पासून फिटसाठी वापरात असलेलं औषध, स्वस्त, आणि जमलं की वर्षानुवर्षं साथ देणारं, तुमच्याकडे दिलीच की. पण त्याचा स्वभाव एका बाबतीत फार अवघड आहे. रक्तात त्याची लेव्हल साधारण १० ते २० च्या मध्ये हवी, रिपोर्टवर मायक्रोग्रॅम प्रति मिली असं लिहिलेलं असतं ते. त्याच्या खाली गेली की फिट येऊ शकते. २० च्या वर गेली की आधी डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरायला लागतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर माणूस गुंगतो, बरळतो. प्रत्येकाचं थोडं पुढेमागे होतं, पण पायऱ्या साधारण ह्याच. तुमचे मिस्टर ३४ वर होते, म्हणजे झोकांड्या, जड जीभ, एकाचे दोन, उलट्या, हे सगळं जिथे होतं बरोबर तिथेच.

ती लेव्हल चढली कशी ते गिरणीवरून सांगते. आपलं लिव्हर म्हणजे गल्लीतली पिठाची गिरणी समजा. औषध म्हणजे दळणाचे डबे. तुम्ही रोज रात्री तीन डबे नेऊन ठेवता, गिरणी दिवसभरात ते दळून मोकळी होते, दुसऱ्या रात्री परत तीन. बाकीच्या बऱ्याचशा औषधांना गिरणीत भरपूर जागा असते, डबे वाढले तर गिरणीवाला जोरात दळतो. फेनिटॉइनचं तसं नाही, त्याचं जातं नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. त्यामुळे डॉक्टरांनी ३०० ची ४०० केली तर लेव्हल त्याच हिशोबाने वाढत नाही, दुप्पट किंवा त्याच्याही वर जाऊ शकते, कारण दळायचा राहिलेला डबा दुसऱ्या दिवशीच्या रांगेत उभा राहतो, तिसऱ्या दिवशी अजून एक. म्हणून तर शहाणे डॉक्टर ह्या गोळीचा डोस ३० किंवा ५० मिलिग्रॅमने वाढवतात, सरळ १०० ने नाही.

आता त्या भरलेल्या गिरणीत फ्लुकोनाझोल आली. फेनिटॉइन ज्या जात्यावर मुख्यतः दळलं जातं ते म्हणजे सीवायपी टूसीनाइन नावाचं एंझाइम, आणि फ्लुकोनाझोल त्याच जात्यात खडा अडकवते. एप्टॉइन रोज तेवढीच, तीनच गोळ्या, कुणी जास्त दिली नाही, पण दळणं थांबलं आणि रांग वाढत गेली. फ्लुकोनाझोल रोज २०० मिलिग्रॅम दिल्यावर फेनिटॉइन रक्तात सरासरी पाऊणपट किंवा त्याहून जास्त वाढलेलं अभ्यासात दिसलंय. आणि काही लोकांचं हे जातं जन्मतःच मंद असतं, त्यांना ह्याहूनही जास्त फटका बसतो. तुमच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक लिहिली होती, तशी घेतली असती तर एवढं चढलं नसतं, बहुतेक. पण खरं सांगू का, एप्टॉइन चालू असलेल्या माणसाला ती गोळी देताना लेव्हलकडे लक्ष ठेवायला हवं हे तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अठरा गोळ्या मिळायलाच नको होत्या. ह्यात तुमची किंवा त्यांची चूक शोधत बसू नका. नायट्याची खाज ज्याला होते त्यालाच कळते, उन्हाळ्यात लूमच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्या माणसाने गोळी वाढवली ह्यात नवल काहीच नाही.

आणि हे लक्षात ठेवा, फ्लुकोनाझोल बंद केली म्हणून खडा त्या दिवशी निघत नाही. ती अंगातून अर्धी जायलाच साधारण ३० तास लागतात, पूर्ण निघायला आठवडाभर धरा. जसजशी ती जाईल तसतशी गिरणी परत जोरात दळायला लागेल आणि लेव्हल खाली येईल. मधल्या काळात डॉक्टरांनी एप्टॉइन कमी करून दिली असेल तर ती कमी केलेलीच पुढे चालू राहिली असं व्हायला नको, नाहीतर १० च्या खाली जाऊन सहा वर्षांनी फिट येईल आणि मग घरात परत वेगळीच चर्चा. म्हणून पुढची लेव्हल कधी करायची ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. रक्त शक्यतो रात्रीच्या गोळीच्या आधी देतात, वेळ त्यांनाच विचारा. दुसरी गोळी चालू होते तेव्हा एकदा आणि बंद होते तेव्हा एकदा, असे दोन्ही वेळेला धोका असतो. पहिली वेळ निदान कुणीतरी सांगतं, दुसरी कुणीच सांगत नाही.

भाऊजींच्या बोलण्याबद्दल. त्यांनी काळजीने म्हटलं असेल, पण फिटची गोळी एकदम बंद करणं ही घरात होऊ शकणाऱ्या चुकांमधली सगळ्यात धोक्याची चूक आहे. चौदा वर्षं मेंदूला त्या गोळीची सवय आहे, ती अचानक काढली तर एकामागून एक फिट येत राहतात, मधे शुद्धच येत नाही, अशी वेळ येऊ शकते आणि त्यात माणूस दगावतो. डॉक्टरांनी दोन दिवस थांबवली ती ॲडमिट करून, लेव्हल बघून, ३४ आहे हे माहीत असताना. तेच घरी, आकडा माहीत नसताना करणं ही गोष्टच वेगळी. कधी फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा काही नको, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

आता दारूचं. हे मला जास्त लागलं, म्हणून ह्यावर थोडं जास्त लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मोठ्या दवाखान्याच्या औषध काउंटरला होते. एक बाप आपल्या पोराला दंडाला धरून घेऊन आला, पोरगा असेल वीस-बावीसचा, पाय फेंगडे टाकत चालत होता. रांगेतली माणसं बाजूला सरकली, एक बाई पदर नाकाला लावून उभी राहिली. वास कसलाच नव्हता, पण चाल बघूनच सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. बाप कुणाकडेही न बघता हळूच मला म्हणाला, पीत नाही हो तो. मी चिठ्ठी बघितली तर एप्टॉइन आणि वर टीबीच्या गोळ्या. मी माझं पेन त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि सावकाश उजवीकडे नेलं. बुबुळं पेनामागे गेली आणि टोकाला जाऊन थरथर, थरथर, घड्याळाच्या काट्यासारखी थोडी मागे, थोडी पुढे. मी त्यांना तसंच वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवलं. तो बाप जाताना रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, औषधाने झालंय. तेवढंच. तेवढं त्याला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

तेव्हा तुम्ही लेव्हलच्या रिपोर्टची झेरॉक्स काढा, ३४ च्या आकड्याला पेनाने गोल करा, शेजारी छापलेली १० ते २० ची नॉर्मल रेंज दाखवा. सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तरी आकडे कळतात. डिस्चार्ज कार्डवर ‘फेनिटॉइन टॉक्सिसिटी’ किंवा तसंच काहीतरी लिहिलेलं असेल, ते मालकांना दाखवायला सांगा, आणि डॉक्टरांना विनंती केली तर दोन ओळींचं पत्र देतील की हा तोल जाण्याचा त्रास औषधांच्या एकत्र परिणामाने झाला. लपवत राहू नका. फिटचा आजार आपल्याकडे लोक लग्नाच्या बोलणीपासून लपवतात, आणि मग गोळ्यांची नावं पण लपतात. मेडिकलवाल्याला सांगायचं नाही, दातांच्या डॉक्टरांना सांगायचं नाही, टीबीच्या सेंटरवर सांगायचं नाही. त्या लपवण्यातूनच असले प्रसंग होतात, तुमच्या घरी झाला तसला.

टीबीचं निघालंच आहे तर ते सांगते, कारण आपल्याकडे हे कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. टीबीच्या गोळ्यांमध्ये आयसोनियाझिड असतं आणि रिफाम्पिसिन असतं. आयसोनियाझिड गिरणीत खडा अडकवतं, फेनिटॉइन वाढवतं. रिफाम्पिसिनचं अगदी उलटं, ते गिरणीवाल्याला अजून दोन जाती बसवायला लावतं, मग दळण इतकं भराभर होतं की फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन ह्या फिटच्या सगळ्या औषधांच्या लेव्हल खाली येऊ शकतात. एकाच वेळी दोन्ही चालू, त्यात कुठलं भारी पडेल ते माणसागणिक वेगळं, त्या पोराच्या बाबतीत आयसोनियाझिड भारी पडलं होतं, दुसऱ्या कुणाला त्याच गोळ्यांनी फिट येईल. म्हणून अंदाजाचं कामच नाही, लेव्हल करायची. आणि सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला की ती जास्तीची जाती दोन-तीन आठवड्यांत बंद पडतात. मधे फिटची गोळी वाढवून दिली असेल तर तीच आता जास्त व्हायला लागते. घरात पेढे वाटतात कोर्स संपला म्हणून, आणि पंधरा दिवसांनी माणूस झोकांड्या खायला लागतो. टीबीच्या गोळ्या मात्र कुणीही ह्या भीतीने सोडायच्या नाहीत, दोन्ही औषधं चालतात, फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत.

तुमच्यासाठी रोजच्या कामाचं आता. एप्टॉइनवाल्याने आम्लपित्तासाठी ते गुलाबी-पांढरं पातळ औषध गोळीच्या सोबत घ्यायचं नाही, गोळी नीट शोषलीच जात नाही, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. दात दुखले, दाढ काढली की मेट्रोनिडाझोल लिहून देतात, तीसुद्धा फेनिटॉइन वाढवू शकते, आणि एप्टॉइनने हिरड्या वाढतात म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाणं तर होतंच, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचं. जुलाब झाले की मेडिकलवाले ऑफ्लॉक्सासिनची गोळी हातावर ठेवतात, सिप्रो असो की ऑफ्लॉक्स, ह्या जातीची अँटिबायोटिक्स लेव्हल किती का असेना, फिट यायची शक्यताच वाढवतात. कंबर-गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी देतात तिचंही तेच. दुखलं, ताप आला तर साधी पॅरासिटामॉल बरी. सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या सिरपपासून लांबच राहिलेलं बरं. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड दिलं तर ते चांगलंच आहे, कारण फेनिटॉइनने ते शरीरात कमी होतं, पण तेही भरपूर घेतलं की फेनिटॉइनची लेव्हल थोडी खाली ओढतं, म्हणून ते पण सांगून घ्यायचं, स्वतः आणून नाही. हृदयाची, रक्त पातळ करायची गोळी चालू व्हायची वेळ आली तर हीच चर्चा परत करायला लागेल, तिथे उलट एप्टॉइनच दुसऱ्या गोळीचं दळण वाढवून तिचा परिणाम कमी करू शकते.

आणि नायटा अजून असेलच ना? तो अर्धवट सोडू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, एप्टॉइन चालू आहे हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. मलम लावून भागत असेल तर तो रस्ता सगळ्यात सोपा, पोटातून द्यायचीच झाली तर कुठली द्यायची ते ठरवता येतं. पण इट्राकोनाझोल बद्दल एक सांगते, कारण फ्लुकोनाझोल चालत नाही म्हटलं की लोक तिच्याकडे वळतात: एप्टॉइन तिलाच इतकी भराभर दळून टाकते की ती नायट्यावर धड कामच करत नाही. आणि मेडिकलमधलं ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको, त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरतो.

झाडपाल्याचं औषध आहे, त्याला कसलं रिॲक्शन, असं म्हणून लोक निश्चिंत असतात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की फेनिटॉइनवर व्यवस्थित असलेल्या दोन पेशंटच्या फिट्स हाताबाहेर गेल्या, आणि दोघांनाही शंखपुष्पीचं औषध चालू होतं. मग त्यांनी उंदरांवर तपासलं, तर ते काही दिवस दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची लेव्हल खाली येत होती. हा अभ्यास १९९२ साली छापून आलाय. आता शंखपुष्पी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत आई पोराला बुद्धी वाढायला पाजते ते सिरप, त्यात वाईट काय असणार असंच कुणालाही वाटेल. फिटची गोळी घेणाऱ्या पोराला पाजायच्या आधी विचारा. ‘फिट मुळापासून घालवतो’ म्हणून गावोगाव मिळणाऱ्या पुड्यांचं तर ह्याहून वाईट, तपासल्यावर काहींमध्ये चक्क अ‍ॅलोपॅथीचीच फिटची औषधं, फिनोबार्बिटोनसारखी, मिसळलेली सापडलीत. म्हणजे पुडी घेणाऱ्याला कळतच नाही तो काय आणि किती खातोय. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात जाऊ देऊ नका, दोन्हींनी फिट येऊ शकते. आरतीच्या कापराला काही नाही, तो तसाच चालू द्या.

आता नणंदबाई. त्यांच्यासाठी जरा घाई करा.

डाग पडतात हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, नाहीतर मी दुसरं काहीतरी समजले असते. टेग्रेटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, आणि ही गोळी रिफाम्पिसिनसारखीच गिरणीत जाती वाढवते. माला-डी मधली दोन्ही हार्मोन्स मग भराभर दळली जातात, रक्तात पुरेशी उरतच नाहीत. मध्येच डाग पडणं हे बऱ्याचदा त्याचंच लक्षण असतं की हार्मोन कमी पडतंय. त्या रोज न चुकता गोळी घेत असतील, पाकीट दाखवत असतील, तरी दिवस राहू शकतात. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनवाल्या बायकांनाही हेच लागू. तर आजपासून निरोध वापरायला सुरुवात करू द्या, पहिलं काम हे, आणि डाग पडतायत आणि पाळीची गडबड असेल तर घरी लघवीची टेस्ट करून घ्या म्हणावं. मग स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायचं. तांबी बसवली तर तिच्यावर ह्या गोळ्यांचा काही परिणाम होत नाही, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे तेही चालतं, त्यांच्या तब्येतीला काय बरं ते डॉक्टर सांगतील. ७२ तासांच्या आत घ्यायची ती इमर्जन्सी गोळीसुद्धा टेग्रेटॉलवर कमी पडते, तिच्या भरवशावर राहायचं नाही.

आणि टेग्रेटॉल त्यांनीही स्वतःहून बंद करायची नाही, दिवस राहिले आहेत असं कळलं तर त्या दिवशी तर मुळीच नाही. मूल हवं असेल तेव्हा आधीच, चार-सहा महिने आधी, मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं तर गोळी, डोस, फॉलिक ॲसिड सगळं नीट लावून देता येतं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलींना तर मी हात जोडून सांगते की लग्न ठरतानाच डॉक्टरांना भेटा, कारण पोटातल्या बाळाला त्या औषधाचा धोका बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. टेग्रेटॉलवाल्यांना अजून एक, घसा बसला, छातीत कफ झाला की क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन देतात, तिच्याने टेग्रेटॉलची लेव्हल दोन-तीन दिवसांत चढते आणि परत तेच, चक्कर, एकाचे दोन, तोल. ॲझिथ्रोमायसिनने सहसा तसं होत नाही. डॉक्टरांना नुसतं सांगितलं तरी ते बदलून देतात.

तुमच्या मिस्टरांची गोळी बदलता येईल का असं मेसेजमध्ये विचारलंत. लेव्हेटिरॅसिटाम नावाची गोळी आहे, ती ह्या गिरणीत जवळजवळ जातच नाही, बरीचशी किडनीतून निघते, त्यामुळे तिची दुसऱ्या औषधांशी भांडणं फार कमी. पण सहा वर्षं फिट नसलेल्या माणसाची गोळी बदलणं ही छोटी गोष्ट नाही, काहींना तिने चिडचिड होते, मन उदास होतं. डॉक्टरांशी बसून बोला, घाई नको. तोपर्यंत एप्टॉइन शक्यतो त्याच कंपनीची घ्या, स्वस्त मिळाली म्हणून दर महिन्याला वेगळी नको, ह्या औषधात थोड्या फरकानेही लेव्हल हलते.

आज घरी एक करा. डब्यातल्या, कपाटातल्या, ह्यांच्या शर्टाच्या खिशातल्या, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर ओता. मेडिकलवाले स्ट्रिप कात्रीने कापून देतात आणि नाव असलेला तुकडा त्यांच्याकडेच राहतो, तुमच्याकडे येतात त्या चार निनावी गोळ्या. तसं घेऊ नका, नाव आणि तारीख असलेला तुकडाच मागा. आणि ह्यांच्या पाकिटात, जिथे विठोबाचा फोटो ठेवतात म्हणालात ना, तिथेच एक चिठ्ठी घाला: ‘मला फिटचा आजार आहे, एप्टॉइन १०० रात्री ३ चालू आहेत, नवीन औषध देण्याआधी बघा’, खाली तुमचा मोबाईल नंबर. डोस बदलला की चिठ्ठी बदला. नणंदबाईंचीही तुम्हीच लिहून द्या, तुमचं अक्षर पत्रात बघितलंय, स्वच्छ आहे.

पुढच्या लेव्हलचा आकडा आला की मला कळवा. वाट बघते.